एल-के म्हणजे लेव्हल ऑफ कृष्णा

"अहो वहिनी, आमच्या सांगलीच्या भावजींचं कळलं का?"

असा प्रश्न कंपाउंडच्या भिंतीपलीकडून आला की, कळलेलं असलं तरी 'नाही बाई' म्हणायचं असतं. आमच्या साताऱ्यातल्या शाहूपुरीत या भिंती छातीएवढ्याच बांधल्यात, कोपर टेकायला बरोबर. त्या मला वहिनी म्हणतात, मी त्यांना वहिनी म्हणते. वयानं थोरलं कोण, हा विषय दोघींनीही सोयीनं कधी काढलेला नाही. त्या मेढ्याकडच्या एका झेडपीच्या शाळेत शिक्षिका, मी पोवई नाक्याजवळच्या एका पतसंस्थेत. दिवसभर कॉम्प्युटर दोघींनाही छळतो, त्यामुळे संध्याकाळी गवार मोडता मोडता त्याचीच उणीदुणी निघतात.

"नाही बाई. काय केलं भावजींनी?"

"मीटिंगमध्ये पीपीटी लावली आणि अख्खी सांगली इंग्रजीत गेली!"

भावजी म्हणजे वहिनींचे धाकटे दीर. सांगलीत एका सरकारी ऑफिसात आहेत. कुठल्या, ते वहिनींनी खालच्या आवाजात सांगितलं, म्हणून मी इथं सांगत नाही. पावसाळा तोंडावर आला की तिकडं पूरनियंत्रणाच्या बैठका सुरू होतात. आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा आणि ४५ वर धोका, हे सांगलीत शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टात ते ५७ फुटांच्याही पुढं गेलं होतं, तेव्हा वहिनींची जाऊ पोराबाळांसकट इकडं साताऱ्याला येऊन राहिली होती. (त्या मुक्कामात कुणी किती चहा केला, हा वेगळा अध्याय आहे. तो मी तीनदा ऐकलाय.)

"तर साहेबांनी भावजींना सांगितलं, दहा-बारा स्लाइड करा. कुठल्या गल्लीत पाणी आधी शिरतं, बोटी कुठं आहेत, माणसं कुठं हलवायची. भावजींनी ऑफिसात बसून केल्या. आता त्यांच्या टेबलावरचा कॉम्प्युटर कुठल्या काळातला? २००७ चं ऑफिस आहे त्यात. आणि मराठी टायपिंग कशात? त्या जुन्या कृतिदेव फॉन्टमध्ये!"

"अजून?"

"अजून! धरणाचे आकडे इकडून साताऱ्याकडून गेले, तेही कुणीतरी कृतिदेवमध्येच टाइप केलेले. कोयनेचं पाणी आमच्या जिल्ह्यातून जाणार, फॉन्टही आमच्याच जिल्ह्यातून जाणार. पूर मात्र त्यांच्याकडं."

इथवर सगळं ठीक होतं. म्हणजे सरकारी अर्थानं ठीक. पण भावजींनी ती फाइल पेन ड्राइव्हवर घालून घरी नेली आणि घरी पोरगा आहे. इंजिनिअरिंगला. लॅपटॉपवर सगळ्यात ताजं व्हर्जन, वर्षाला पैसे भरायचं ते. त्याला बापाच्या स्लाइड बघून कसंतरीच झालं. निळी पार्श्वभूमी, पिवळी अक्षरं, कोपऱ्यात फिरणारा ग्लोब. "पप्पा, हे असं कुणी दाखवतं का आता?" म्हणून रात्रभर बसला. नकाशातली कृष्णा अशी केली, की एका स्लाइडवरून दुसऱ्या स्लाइडवर जाताना पाणी हळूहळू फुगत जातं. मॉर्फ म्हणतात म्हणे त्याला. कृतिदेव त्याच्याकडं नव्हता, तो त्यानं शोधून बसवला आणि सगळी अक्षरं जागेवर आली. भावजींना इतकं आवडलं, की त्यांनी रात्री साडेअकराला जाऊबाईंना उठवून दाखवलं.

"आणि मीटिंग होती हॉलमध्ये," वहिनींनी गवारीची शेंग माझ्याकडं रोखली. "हॉलमधला कॉम्प्युटर तिसराच!"

इथं माझ्या लक्षात आलं काय झालं असेल ते. घरातलं एक, टेबलावरचं दुसरं आणि हॉलमधलं तिसरं. पीपीटी नेहमी या तिसऱ्या कॉम्प्युटरवर मरते. त्याच्यावर रोज कुणी बसत नाही, म्हणून त्यात काय आहे आणि काय नाही ते कुणालाच ठाऊक नसतं.

हॉलमधल्यात होतं २०१० चं व्हर्जन. त्याला मॉर्फ माहीतच नाही, ती करामत २०१६ च्या काळात आली. त्यामुळे फुगणारी कृष्णा फुगलीच नाही; एक चित्र विरलं, दुसरं उमटलं, संपलं. ते कुणाच्या लक्षातही आलं नसतं म्हणा. पण प्रोजेक्टर जुना, चौकोनी. पोरानं केलेल्या स्लाइड रुंद. पूर्वी स्लाइड १० इंच रुंद आणि साडेसात इंच उंच असायची; २०१३ पासून नवी फाइल उघडली की १३.३३ इंच रुंदीची मिळते, उंची तेवढीच. ती जुन्या प्रोजेक्टरवर टाकली, की वर काळी पट्टी, खाली काळी पट्टी आणि मधे सगळं बारीक. मागच्या रांगेतल्यांनी चष्मे काढले, पुसले, परत घातले.

"आणि कृतिदेव?"

"नव्हता हो! हॉलमध्ये कुणी मराठी टाइप करतच नाही तर असेल कशाला? पहिलीच स्लाइड लागली. वर मोठ्या अक्षरात 'सांगली' पाहिजे, तर तिथं एल के ए एक्स वाय एच. खाली धरणाच्या आकड्यांवर 'सातारा' पाहिजे, तर एल के आर के जे के. आकडे तेवढे जागच्या जागी, ४०, ४५, ५७. बाकी सगळी इंग्रजी बाराखडी सांडलेली."

मला हसू आवरेना. वहिनी मात्र गंभीर. त्यांना अजून पुढचं सांगायचं होतं.

"साहेब नवे आलेत. बाहेरचे. त्यांनी विचारलं, हे सगळीकडं एल-के, एल-के काय आहे? कुणी बोलेना. भावजींना तर घाम फुटलेला. तेवढ्यात मागून एक जण म्हणतो, साहेब, एल-के म्हणजे लेव्हल ऑफ कृष्णा!"

गवार राहिली बाजूला. मी भिंतीला धरूनच हसले.

"आणि साहेबांनी ते लिहून घेतलं हो वहीत!"

आता यापुढचा भाग मला फार आवडला. वहिनींना तो एवढा महत्त्वाचा वाटला नसावा, त्या जाऊबाईंच्या प्रतिक्रियेकडं वळायला निघाल्या होत्या. मी त्यांना परत ओढून आणलं. झालं असं, की हॉलमध्ये एक टंकलेखक बाई बसल्या होत्या. रिटायरमेंटला आलेल्या, इतिवृत्त लिहायला बसवलेल्या. त्यांनी पडद्याकडं बघितलं आणि बसल्या जागेवरून वाचायला सुरुवात केली. "सांगली शहर, पूरस्थिती, संभाव्य बाधित भाग..." सगळं घडाघडा. लोक आधी पडद्याकडं बघायला लागले, मग बाईंकडं.

कसं वाचलं असेल त्यांनी? अहो, कृतिदेवच्या फाइलीत असतात इंग्रजीच अक्षरं, फॉन्ट त्यांना फक्त मराठी रूप देतो; आणि त्याची कळपाटी जुन्या रेमिंग्टन टाइपरायटरवरूनच घेतलेली. एलवर 'स', केवर काना, एवर अनुस्वार, एक्सवर 'ग', वायवर 'ल', एचवर दुसरी वेलांटी. झाली सांगली. ज्या बाईनं तरुणपणी मिनिटाला तीस शब्दांची मराठी टायपिंगची परीक्षा दिली आणि नोकरीभर तेच बडवलं, तिच्या बोटांना ते पाठ. डोळ्यांना एल दिसतो, बोटं म्हणतात 'स'. साहेबांनी विचारलं म्हणे, "तुम्हाला हे येतं?" तर बाई म्हणाल्या, "मला कॉम्प्युटर येत नाही साहेब. टायपिंग येतं."

त्या बाईंनी सगळ्या स्लाइड वाचून दाखवल्या. बैठक पार पडली. आणि पोरानं घरी सेव्ह करतानाच्या पर्यायांत जाऊन 'फाइलमध्ये फॉन्ट घाला' या ओळीपुढं एक टिचकी मारली असती, तर यातलं बरंचसं टळलं असतं. पण ती टिचकी कुठं असते हे ताज्या व्हर्जनवाल्यांना ठाऊक नसतं, कारण फॉन्ट नसतो असं कधी त्यांच्या वाट्याला आलेलंच नसतं. युनिकोडमध्ये, मंगल नाहीतर निर्मला फॉन्टात मराठी लिहिलं की ते कुठल्याही खिडकीत मराठीच दिसतं. ऑफिसातल्यांना ती टिचकी ठाऊक नसते, कारण त्यांची फाइल त्यांच्या टेबलावरून हलतच नाही. दोघांच्या मधे पेन ड्राइव्ह ये-जा करतो, तो बिचारा कुणाला काय सांगणार?

आमचे हे तेवढ्यात पेपर घेऊन अंगणात आले. पीपीटी म्हटलं की यांना बोलल्याशिवाय राहवत नाही. एमएससीआयटी केलेली आहे ना! एमकेसीएलनं २००१ साली तो कोर्स काढला आणि पुढच्या दोन-चार वर्षांत महाराष्ट्रात घरटी एक तरी सर्टिफिकेट फ्रेममध्ये गेलं. यांचं आमच्या हॉलमध्ये आहे, लग्नातल्या फोटोच्या शेजारी. लग्नातला फोटो मात्र लहान आहे.

हे म्हणाले, "मुळात पॉवरपॉइंट पडद्यासाठी नव्हतंच."

"म्हणजे?"

"फोरथॉट नावाच्या कंपनीत रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन या दोघांनी ते काढलं. १९८७ साली, मॅकिंटॉशवर. नाव आधी प्रेझेंटर ठेवणार होते. काळं-पांढरंच होतं. त्यातून छापून काढायचं आणि प्लॅस्टिकच्या पारदर्शक कागदावर उतरवायचं. तो कागद दिव्याच्या मशीनवर ठेवायचा. कॉलेजात ओएचपी नव्हतं का आपल्याकडं? सर कागद उलटा ठेवायचे आणि पोरं ओरडायची, तेच. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनं १ कोटी ४० लाख डॉलरला अख्खी कंपनी घेतली."

वहिनींनी क्षणभर विचार केला. "मग आमच्या शाळेतल्या मोठ्या बाई बरोबर आहेत म्हणायच्या. त्या अजून पीपीटी छापूनच नेतात मीटिंगला. एकेका पानावर एकेक स्लाइड. वरचे साहेब ओरडतात कागद वाया गेला म्हणून."

हे जरा नाराज झाले. इतक्या कष्टानं सांगितलेल्या इतिहासाचा असा उपयोग होईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

खरं सांगायचं तर, माझं आपलं एक मत होत चाललंय. माणसाचा हात माऊसवर कुठं जातो ते बघितलं, की त्यानं पीपीटी कुठल्या साली शिकली ते सांगता येतं. यांचा हात अजून वरच्या मेनूच्या पट्टीकडं जातो, म्हणजे २००३. माझा हात डाव्या कोपऱ्यात वर जातो. तिथं २००७ मध्ये एक मोठं गोल बटण होतं. आमच्या पतसंस्थेतल्या कितीतरी जणांना ते नुसतं कंपनीचं चिन्ह वाटायचं, आणि सगळी प्रिंट, सगळं सेव्ह नेमकं त्याच्या पोटात. २०१० ला ते गोल बटण गेलं, त्या जागी फाइल असं लिहून आलं. माझा हात अजूनही आधी तिकडं जाऊन, थबकून मग काम करतो. आमच्या लेकीचा हात कुठंच जात नाही. ती सगळ्यात वर शोधायच्या रकान्यात नाव टाइप करते, बटण स्वतःच समोर येतं. तिला जुना मेनूही नको आणि त्याच्या जागी आलेली रिबनही नको.

वहिनींची तर कथाच और. सरकारी नोकरांना संगणकाची परीक्षा पास व्हायला ३१ डिसेंबर २००७ ची मुदत होती. नाहीतर वेतनवाढीवर गदा. त्या वर्षी दिवाळीनंतर साताऱ्यातल्या एकेका क्लासात शिक्षकांची एवढी गर्दी, की वहिनींना बॅच मिळाली सकाळी सहाची. थंडीत शाल गुंडाळून जायच्या. "आणि गंमत बघा," त्या म्हणतात, "क्लासमध्ये शिकवलं २००३ चं. पाठ केलं, फॉरमॅट मेनूत हे, इन्सर्ट मेनूत ते. पास झाले. जानेवारीत दिरांनी नवा कॉम्प्युटर घेतला, त्यात २००७. मेनूच गायब! मला वाटलं आपली परीक्षा परत घेणार."

सातारा स्टँडवर रातोरात फलाट बदलावेत, तसं झालं ते. गाडी तीच, कंडक्टर तोच, फक्त सांगलीची गाडी कुठं लागते ते कुणाला विचारल्याशिवाय कळेना. कस्टम अॅनिमेशन पूर्वी स्लाइड शो मेनूत होतं, ते अॅनिमेशनच्या टॅबमध्ये गेलं. २०१० मध्ये त्यातूनही ट्रान्झिशन फुटून वेगळं बिऱ्हाड करून राहिलं. आपोआप स्लाइड करून देणारा ऑटोकंटेंट विझार्ड तर २००७ मध्ये काढूनच टाकला. त्याच्या भरवशावर भाषणं करणारे आमचे एक चेअरमन होते, त्यांनी तेव्हापासून नुसतंच बोलायला सुरुवात केली. लोकांना बरं वाटलं.

पण एक गोष्ट यांची मला मान्य करावी लागते, मनातल्या मनात. जुन्या २००३ च्या कळा नव्या व्हर्जनांतही चालतात. ऑल्ट दाबून ई, मग एस, की पेस्ट स्पेशल उघडतं. मेनू कुठं दिसत नाही, पण त्याची वाट अजून आत तशीच आहे. मुद्दाम ठेवलीय, जुन्या लोकांची सवय मोडू नये म्हणून. लेक लॅपटॉपवर बटण शोधत होती तेव्हा यांनी मागून येऊन तीन कळा दाबल्या आणि काही न बोलता चहा प्यायला गेले. त्यानंतर आठवडाभर हे घरात जरा ताठ चालत होते. टंकलेखक बाईंची गोष्ट ऐकल्यावर पुन्हा तसेच चालायला लागतील, म्हणून ते आत गेल्यावरच मी वहिनींना तो भाग परत सांगायला लावला.

"तुमच्या शाळेत काय आहे आता?" मी विचारलं.

"शाळेत!" वहिनींनी कपाळाला हात लावला. "शाळेत विंडोजच नाही. लायसनचे पैसे कोण भरणार? एका पालकाच्या मुलानं येऊन लिनक्स घालून दिलं, त्यात लिबरऑफिस. इम्प्रेस म्हणायचं. फुकट आहे, चांगलं आहे, माझी काही तक्रार नाही. पण मी घरी पॉवरपॉइंटमध्ये प्रश्नमंजूषा करते. बरोबर उत्तरावर बोट ठेवलं की टाळ्या, चुकलं की बेडूक. शाळेत उघडली की बेडूक आधीच येऊन बसलेला! उत्तर द्यायच्या आधी. पोरं म्हणतात, बाई, आम्ही अजून काही बोललोच नाही."

२०१५ साली प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र निघालं तेव्हाची गोष्ट वहिनी नेहमी सांगतात. गावागावांत लोकवर्गणी झाली, कुणी प्रोजेक्टर दिला, कुणी पडदा शिवून दिला. शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पीपीटींचा पाऊस. नंदुरबारच्या गुरुजींनी केलेली पाढ्यांची पीपीटी साताऱ्यात चालायची, इथली तिकडं. चालायची म्हणजे उघडायची. आवाज यायचाच असं नाही. जुन्या व्हर्जनमध्ये गाणं स्लाइडमध्ये घातलं, तरी मोठी फाइल खरं तर आत जायचीच नाही, नुसता तिचा पत्ता आत राहायचा. गुरुजींनी पीपीटी पाठवली, गाणं त्यांच्या डी ड्राइव्हमध्येच राहिलं. २०१० पासून व्हिडिओ आतच बसायला लागले, मग फाइली एवढ्या फुगल्या की खेड्यातल्या नेटवर उतरेनात.

"आणि आमच्याच जिल्ह्यात कुमठे बीटातल्या शाळा," वहिनी म्हणाल्या. "सगळ्या महाराष्ट्रातून शिक्षक बघायला यायचे. काय होतं तिथं? जमिनीवर रंगानं आखलेली चित्रं, खडे, काड्या, मणी. पोरं खाली बसून आपली आपण शिकत होती. लाइट गेली तरी वर्ग चालू."

"मग तुम्ही कशाला करता बेडूक?"

"मला आवडतं हो करायला!" वहिनी अशा काही लाजल्या, की मी पुढं काही बोललेच नाही.

अंधार पडायला लागला तेव्हा खरा विषय निघाला. भावजींची गोष्ट ही नुसती प्रस्तावना होती, हे मला आधीच कळायला हवं होतं. वहिनींच्या सासूबाईंना पंच्याहत्तरावं लागणार आहे. कार्यक्रम सांगलीला, कार्यालयात, आणि तिथं फोटोंची पीपीटी दाखवायची असं जाऊबाईंनी परस्पर ठरवलंय.

"पुतण्या करतो म्हणतोय. पण आता तुम्हीच सांगा, कार्यालयाचा लॅपटॉप कुठला असेल?"

"विचारूच नका त्यांना. विचारलं तर 'सगळं चालतं' म्हणतील." मी म्हटलं. "पुतण्याला सांगा, त्याला जेवढं नाचवायचंय तेवढं नाचव. पण शेवटी पीपीटी म्हणून द्यायचीच नाही. एक्स्पोर्टमध्ये जाऊन व्हिडिओ करून घे. एमपीफोर. फॉन्ट, गाणं, मॉर्फ सगळं त्यात गोठून जातं, मग ती टीव्हीला पेन ड्राइव्ह लावूनही चालेल. फक्त फोटोंखालची नावं आधी नीट वाचून बघा, व्हिडिओत गेलेली चूक कुणाला सुधारता येत नाही."

"आणि पीडीएफ?"

"ती पण ठेवा पर्समध्ये. मोबाइलवर."

वहिनींनी मान डोलावली. गवारीचं ताट उचललं, परत ठेवलं.

"ते सगळं होईल हो. पण सासूबाईंच्या शेजारी पहिल्या फोटोत कोण, यावरनं जाऊबाईंचं आणि माझं चाललंय. २०१९ ला त्या इथं होत्या तेव्हाचा एक फोटो आहे, त्यात मी चहा देतेय सासूबाईंना. तो त्यांना नकोय." त्यांनी भिंतीवरून जरा पुढं वाकून हळूच विचारलं, "वहिनी, निवड तुम्हीच करता का? बाहेरच्या माणसानं केली म्हणजे कुणी काही बोलणार नाही."

मी म्हटलं, "मला एल-केतलं काही कळत नाही हो," आणि गवार घेऊन आत आले.